चौथ्या चित्रातील डोळे

प्रौढ वाचकांसाठी ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशनच्या, शैलीत काढलेल्या शृंगारिक चित्रांवर मजकूर लिहिणे आणि तो चित्रात बसवणे हे माझे काम आहे. चित्र चित्रकार काढतो, कल्पना बहुतेक वेळा ग्राहकाची असते आणि माझ्या वाट्याला येतात चार-सहा ओळी. मात्र चित्रातील दोन व्यक्ती कोण आहेत, एकमेकांच्या कोण लागतात आणि जे चालले आहे ते दोघांनाही हवे आहे का, हे वाचणाऱ्याला याच ओळींतून कळते. मिटलेले डोळे, गालांवरच्या तिरप्या लाल रेघा, पापणीच्या कडेला आलेले पाणी ही या शैलीची नेहमीची चिन्हे आहेत, आणि ती लाज, आनंद, दुःख, वेदना यांपैकी कशासाठीही वापरली जातात. जपानच्या 1907 च्या दंडसंहितेतील कलम 175 मुळे तिथल्या प्रौढ चित्रांमध्ये काही भाग झाकावाच लागतो, आणि माझ्या मते या परंपरेत चेहऱ्याला आणि शब्दांना इतके वजन येण्यामागे तेही एक कारण असावे.

काम स्वीकारण्यापूर्वी मी सर्वांत आधी वय पाहते. मोठे डोळे, इवलेसे नाक आणि निमुळती हनुवटी यांमुळे या शैलीत प्रौढ चेहराही कोवळा दिसू शकतो, म्हणून चेहऱ्यावर न थांबता शरीराची ठेवण, कपडे, खोली, आजूबाजूच्या वस्तू असे सारे तपासते. प्रौढ व्यक्तीची उंची येथे तिच्या डोक्याच्या उंचीच्या साधारण सहा ते साडेसात पट धरतात; लहान मुलांचे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. ब्रिटनच्या 2009 च्या ‘कोरोनर्स अँड जस्टिस ॲक्ट’मधील बालकांच्या अश्लील चित्रांवरच्या बंदीत हाताने काढलेली चित्रेही येतात, आणि चित्रातील व्यक्ती पाहणाऱ्याला प्रामुख्याने बालक वाटत असेल तर शरीराची काही लक्षणे प्रौढाची असली तरी तिला बालकच मानले जाते. जपानमध्ये बालकांच्या अश्लील चित्रणाविरुद्धचा 1999 चा कायदा आणि त्याची 2014 ची दुरुस्ती या दोन्हींच्या कक्षेत चित्रे येत नाहीत. कायदे देशोदेशी वेगळे असले तरी माझा नियम बदलत नाही. लहान दिसणाऱ्या व्यक्तीच्या चित्रावर ‘वय वीस वर्षे’ असे लिहिल्याने ती मोठी होत नाही, आणि असे काम मी एकही ओळ न लिहिता परत पाठवते.

ज्या दिवसाविषयी लिहायचे आहे त्या दिवशीच्या कामात वयाचा प्रश्न नव्हता. मालिका एका विवाहित जोडप्याची होती. दोघेही पस्तिशीच्या आसपासचे, आणि कामानिमित्त दीर्घकाळ दूर राहून त्या रात्री पुन्हा भेटणारे. पहिल्या तीन चित्रांचा मजकूर सकाळीच बसवून झाला होता. चौथ्या चित्रात ती उशीवर टेकली होती, त्याचा हात दिव्याच्या बटणापर्यंत गेला होता आणि तिची नजर थेट पाहणाऱ्याकडे होती. त्यासाठी मी आधीच लिहून ठेवलेली ओळ अशी होती: ‘दिवा राहू दे. मला तुला बघायचंय.’ हे तिचे वाक्य होते. इतके दिवस ज्याला केवळ पडद्यावर पाहिले, त्याला ती आता डोळे भरून पाहू इच्छिते, एवढाच त्याचा अर्थ.

ओळ चित्रावर ठेवली आणि मी थबकले. वाचताना ते वाक्य तिचे वाटेना. ते त्याचे वाटत होते आणि धमकीसारखे ऐकू येत होते. अक्षरे तीच, जागाही ठरलेली तीच. फुग्यात लिहिलेल्या संवादाला शेपूट असते आणि ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळलेले असते, त्यामुळे वाक्य कोणाचे याविषयी शंका उरत नाही. मोकळ्या मजकुराला असा आधार नसतो. ते वाक्य कोणाच्या तोंडी घालायचे हे वाचणारा चेहरे पाहून ठरवतो. म्हणून मी अक्षरे बाजूला सारली आणि चित्र मोठे करून तिचा चेहरा पाहू लागले.

तिच्या डोळ्यांत चमक नव्हती. ॲनिमे शैलीतील डोळा साधारणपणे वरच्या बाजूला गडद आणि खाली उजळत जाणारा रंगवतात आणि त्यावर पांढऱ्या प्रकाशाचे एक-दोन ठिपके ठेवतात. हे ठिपके मुद्दाम काढून टाकले, की ती व्यक्ती भानावर नाही, हताश आहे किंवा तिची इच्छाशक्ती हरपली आहे असा संकेत मिळतो, आणि ही शैली पाहण्याची सवय असलेला वाचक तो क्षणात ओळखतो. ओठांवर हलके हसू होते, खांदे सैल होते, बोटे त्याच्या मनगटावर विसावली होती. तरीही त्या दोन ठिपक्यांवाचून सारे चित्र एका असहाय बाईचे झाले होते.

मी चित्रकार मैत्रिणीला फोन केला. “अगं, चौथ्यात डोळे असे मुद्दाम ठेवलेस का?” तिने फाइल उघडली आणि काही वेळ काहीच बोलली नाही. बुबुळांचा रंग दुरुस्त करताना तिने चमकेचा लेयर, म्हणजे फाइलमधला चमकेचा वेगळा थर, तात्पुरता बंद केला होता आणि तो तसाच बंद राहून चित्र बाहेर पडले होते. लेयर सुरू करून तिने चित्र पुन्हा पाठवले. मी तीच ओळ त्याच जागी ठेवली आणि ते वाक्य पुन्हा तिचे झाले.

खरी अडचण दुपारी आली. चमक नसलेले चित्र तोवर ग्राहकाकडेही गेले होते आणि ते त्यांना अधिक आवडले होते. त्यांनी कळवले, “मॅडम, डोळे तसेच राहू द्या. मजकूर बदला. तिला आधी नको आहे असं दाखवा, मग सहाव्या चित्रापर्यंत तिला आवडायला लागतं.” मी नकार दिला. तेव्हा त्यांनी विचारले, “चित्रातली बाई काय खरी आहे का?”

हा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. प्रौढांसाठीच्या काल्पनिक साहित्यात भय, सक्ती, क्रौर्य यांचे चित्रण होते, आणि ते करणारा प्रत्येक लेखक त्याची भलामण करत असतो असे मी मानत नाही. परंतु अशा कामावर तसे आधीच स्पष्ट लिहिलेले असते आणि वाचक ते जाणून चित्र उघडतो. ही मालिका ‘विवाहित जोडपे, परस्परसंमती’ अशा वर्णनाखाली जाणार होती. म्हणून मी त्यांना लिहिले, की बाई खरी नाही हे मान्य आहे, परंतु प्रेमाची गोष्ट आहे असे सांगून ज्यांना आपण हे चित्र उघडायला लावणार ती माणसे खरी आहेत, आणि त्यांच्यातल्या एखाद्यावर प्रत्यक्षात असा प्रसंग गुदरलेला असेल तर त्याला सावध होण्याची संधीच मिळणार नाही. शिवाय नकाराचे रूपांतर आवडीत झाले की झाल्या प्रकाराला प्रेम म्हणायचे, ही मांडणी माझ्या हातून लिहून होणार नाही, हेही मी स्पष्ट केले. चित्रकार मैत्रिणीनेही त्यांना स्वतंत्रपणे कळवले, की चमक नसलेले चित्र ही चूक होती आणि ते तिच्या नावाने बाहेर जाणार नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही. या कामात पुढचे काम बहुधा आधीच्या ग्राहकाच्या शब्दावर मिळते, त्यामुळे तो वेळ सोपा नव्हता. शेवटी त्यांचा निरोप आला, की मूळ ठरल्याप्रमाणेच मालिका पूर्ण करावी. त्यात नाराजी होती आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

त्यानंतरचे काम हाताचे होते. देवनागरीत मात्रा, रफार आणि अनुस्वार वर, तर उकार खाली येतात, त्यामुळे दोन ओळींमधील अंतर रोमन लिपीपेक्षा जास्त ठेवावे लागते. पांढऱ्या अक्षरांना काळी कडा दिल्याशिवाय ती उजळ पार्श्वभूमीवर वाचता येत नाहीत, आणि कडा जाड झाली की ‘ष्ट’, ‘द्ध’ अशा जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. मी कडा बारीक ठेवली, अक्षरांमागे हलकी सावली दिली आणि ती ओळ तिच्या चेहऱ्याच्या जवळ, त्याच्या हातापासून दूर नेली, म्हणजे वाक्य कोणाचे याविषयी संशय राहू नये. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडेला डाग पडतात, म्हणून सर्व चित्रे पीएनजी स्वरूपात पाठवली.

तेव्हापासून मी नुसत्या तयार चित्रावर लिहीत नाही. लेयर असलेली मूळ फाइल मागून घेते आणि बंद ठेवलेले लेयर कोणते व का, हे चित्रकाराला विचारते. ग्राहकाने दिलेले वर्णनही काम सुरू होण्यापूर्वी माझ्या शब्दांत लिहून त्यांच्याकडे पाठवते आणि त्यावर त्यांचा होकार घेते: दोघांची वये, नाते, संमती, आणि मालिका कोणत्या शीर्षकाखाली जाणार ते. काही ग्राहक एवढ्यावरूनच काम दुसऱ्याकडे नेतात.