आमची वाटचाल : गरम जॉब आणि शाळेतलं उत्तर

धातू फिरवून कापणारे दोन जुने लेथ आणि मी धरून तीन माणसं, एवढ्यावर आमचं मशीन शॉप सुरू झालं. आज आम्ही अठरा जण आहोत. मधल्या काळात नवी मशीनं आली, ऑर्डरी वाढल्या, कर्ज फिटलं. ते बहुतेक छोट्या कारखान्यांत होतं तसंच. मला लिहायचंय ते शाळा संपवून थेट आमच्याकडे आलेल्या मुलांविषयी.

सुरुवातीला मी गुणपत्रिका बघून मुलं घ्यायचो आणि चार महिन्यांत वैतागायचो. ‘शाळेत यांना शिकवतात तरी काय?’ ही माझी कायमची तक्रार. एका ऑर्डरीनं ती मोडून काढली.

रोलरचं काम होतं. व्यास १०० मिमी, टॉलरन्स म्हणजे चालणारा फरक ०.०२ मिमी. संध्याकाळी तपासले तेव्हा सगळे जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेले नग, मापात होते. गिऱ्हाइकाकडे गेले आणि परत आले. व्यास कमी. बाहेरचा व्यास कमी भरला की रीवर्क नाही, जॉब थेट भंगारात. चाळीस जॉब गेले. बारीक माप घेणारा मायक्रोमीटर तपासला, तो ठीक होता. मग लक्षात आलं, कापताना जॉब थंड ठेवणारं कूलंट नीट पडत नव्हतं आणि जॉब गरम असतानाच मोजले जात होते. ३० अंशांनी जास्त गरम असलेला १०० मिमीचा पोलादी जॉब साधारण ०.०३५ मिमी फुगलेला असतो. मोजमापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात ते याचसाठी.

तपासणीवरच्या मुलीला मी विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, सकाळी परत मोजलं तेव्हा कमी भरत होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.”

“तापवल्यावर धातूचं काय होतं?”

“प्रसरण पावतो. म्हणून रुळांमध्ये फट ठेवतात.” क्षणाचाही विलंब नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तिला उत्तर येत होतं. ते रुळांना लागू होतं तसंच हातातल्या रोलरलाही होतं, एवढंच तिला कुणी दाखवलं नव्हतं. आणि त्याहून मोठं नुकसान तिच्या गप्प राहण्यानं झालं होतं. इतकी वर्षं वहीतली प्रत्येक चूक गुण कापून घेत आली, तर चूक वाटणारी गोष्ट मूल बोलून दाखवील कशाला?

शाळा मुलांना पोटापाण्यासाठी किती तयार करतात, हे आपण निकालाच्या टक्केवारीवर ठरवतो. २००० सालापासून होणारी ‘पिसा’ ही आंतरराष्ट्रीय चाचणी १५ वर्षांच्या मुलांना शिकलेलं अनोळखी प्रसंगात वापरता येतं का, ते बघते. मला ते माप जास्त खरं वाटतं. अर्थतज्ज्ञ एरिक हानुशेक आणि लुडगर व्होसमान यांचं म्हणणंही असंच आहे : देशाच्या आर्थिक वाढीचं नातं शाळेत काढलेल्या वर्षांपेक्षा मुलं खरोखर काय शिकली याच्याशी घट्ट आहे. जर्मनीत शिकाऊ मूल आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि बाकीचे व्यवसाय शाळेत असतं, आणि त्याला भत्ताही मिळतो. तिथं शिकवण्याचा मोठा भार कारखाना उचलतो. मी मात्र तयार माणूस मागत बसलो होतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. शॉपमध्ये एक वही ठेवली. माप विचित्र वाटलं की त्यात लिहायचं, लिहिणाऱ्याला कुणी बोलायचं नाही. पहिले दोन आठवडे ती कोरीच राहिली. शेवटी मी स्वतःची एक चूक त्यात लिहिली, तेव्हा कुठे पानं भरायला लागली. दुसरं म्हणजे जवळच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला बुधवारचा तास दिला. टेपर टर्निंगचा, म्हणजे निमुळता जॉब कापण्याचा, कोन काढताना त्रिकोणमितीतला टॅन कुठे कामाला येतो, हे तिथल्या मुलांनी आता हातानं करून पाहिलंय. पण त्यांचा लाडका प्रयोग एकच : तासाच्या सुरुवातीला गरम जॉब मोजायचा आणि घंटा व्हायच्या आत पुन्हा मोजायचा.

तो तास आता तीच मुलगी घेते. तपासणी विभाग तिच्याकडे आहे. गेल्या बुधवारी मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “ताई, मग हातानं मायक्रोमीटरच गरम झाला तर?” तिनं फ्रेमवरची प्लास्टिकची पट्टी दाखवली. हाताची ऊब आत जाऊ नये म्हणून ती असते, असं सांगितलं आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला.