परांचीवर चढता येईल का, हे विचारणाऱ्या वकीलबाई

अपघातात जखमी झालेल्या माणसाला आमच्या भागात वकील शोधत फिरावे लागत नाही. वकिलाचा माणूसच त्याला शोधत दवाखान्यात येतो. माझ्या चुलतभावाच्या बाबतीत हेच झाले. केज-मांजरसुंबा रस्त्यावर रात्रीच्या वेळी उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर टायर फुटून रस्त्यातच उभा होता. मागे ना तांबडे रिफ्लेक्टर होते, ना दिवा, आणि कामावरून परतणारा भाऊ मोटारसायकलसह मागच्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. उजव्या पायाची दोन्ही हाडे घोट्याजवळ मोडली. शस्त्रक्रियेनंतरची गुंगी पुरती उतरलीही नव्हती, तोच पांढऱ्या सदऱ्यातील एक इसम खाटेशी येऊन उभा राहिला आणि ‘क्लेम टाकायचा ना?’ असे विचारून त्याने छापील वकीलपत्र पुढे केले. खर्चाचा एक रुपयाही द्यायचा नाही, मिळेल त्या रकमेत तीस टक्के वकीलसाहेबांचे, आणि भावाच्या नावाने नवे बँक खाते उघडून त्याचे चेकबुक कोऱ्या सह्या करून त्यांच्याकडे ठेवायचे, असा एकूण प्रस्ताव होता.

हा प्रस्ताव ऐकायला सोयीचा वाटतो, परंतु तो कायद्याला धरून नाही. खटल्याच्या निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा मागणे याला भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी स्पष्ट मनाई केली आहे. जाहिरात करून अथवा दलालांमार्फत पक्षकार गोळा करण्यासही मनाई आहे. बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमके असेच प्रकरण आले होते. पतीच्या अपघाती मृत्यूनंतर भरपाई मिळालेल्या स्त्रीकडून वकिलाने टक्केवारीच्या हिशेबाने फी घेतली, आणखी रकमेचा धनादेश लिहून घेतला आणि तो वटला नाही म्हणून तिच्यावरच फौजदारी कारवाई सुरू केली. न्यायालयाने ती कारवाई रद्द केली आणि टक्केवारीने फी घेणे हे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध व व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे सांगितले. म्हणजे कोऱ्या सह्यांचे चेकबुक मागणारा माणूस नेमके काय मागत असतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातच वाचायला मिळते.

तरीही लोक टक्केवारीला होकार देतात आणि त्यांना नावे ठेवण्याचे धाडस मला होत नाही. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळलेला, उचल घेतलेली, सळई आणि स्क्रूचा खर्च उसनवारीने भागवलेला, अशा वेळी ‘आधी पैसे नकोत’ हे तीन शब्द फार मोठे असतात. मात्र याच माणसांसाठी विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ आहे, हे वॉर्डात कोणी सांगत नाही. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता, आणि इतरांना महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांच्या आत उत्पन्न असल्यास, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. अर्ज न्यायालयाच्या आवारातच देता येतो. असा वकील मन लावून काम करीलच असे नाही, ही तक्रार मीही ऐकली आहे. पण मन लावण्याची हमी तीस टक्क्यांतही नसते.

घाई मात्र खरी आहे, आणि दलाल ज्या एका गोष्टीने घाबरवतो त्या बाबतीत तो खोटे बोलत नाही. गावाकडे अजूनही ‘क्लेमला मुदत नसते’ असे जाणती माणसे सांगतात. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकल्यामुळे बराच काळ ते खरेही होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करण्याची अट पुन्हा आणली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. या अटीला आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या आहेत. त्यांच्या भरवशावर स्वतःचा दावा लांबवण्यात शहाणपण नाही. सहा महिने म्हणजे चांगला वकील पाहून, दोन ठिकाणी विचारून, कागद जमवून दावा टाकायला पुरेसा वेळ असतो. दवाखान्यातून सुटी मिळण्यापूर्वी वकीलपत्रावर अंगठा उठवण्याची निकड त्यात कोठेही नाही.

दावा कोठे टाकायचा, यावरही पक्षकाराला फिरवले जाते. अपघात जेथे झाला तेथील, दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील, अथवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरण निवडण्याचा अधिकार कायद्याने जखमी माणसालाच दिला आहे. ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेल्या आमच्याकडच्या मजुराला तिकडे अपघात झाला, तरी त्याला तिकडच्या न्यायालयाचे हेलपाटे घालावे लागत नाहीत. कुबड्या घेऊन एसटीत चढणाऱ्या माणसासाठी हा अधिकार लहान नव्हे.

आम्ही अंबाजोगाईच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्याआधी जिल्ह्यात नाव असलेल्या एका वकिलांच्या कार्यालयात त्यांच्या कारकुनाने प्रथम खबरेची (एफआयआरची) प्रत, विम्याची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड एवढे मागून घेतले आणि बाकीचे साहेब बघतील असे सांगितले होते. साहेबांनी भावाकडे मान वर करून पाहिले नाही. वकीलबाईंनी कागद बाजूला ठेवले आणि पहिला प्रश्न केला, ‘दादा, काम काय करता?’ भाऊ म्हणाला, ‘गिलाव्याचं.’ मग त्या विचारीतच राहिल्या. परांचीवर उभे राहून काम करता की खालून? सिमेंटची पाटी स्वतः उचलता की हाताखाली बाई असते? छताचा गिलावा करताना किती वेळ टाचा उचलून उभे राहावे लागते? आता उकिडवे बसता येते का? गुत्ते घेता की रोजाने जाता, आणि पैसे रोख मिळतात की फोनवर? भावाने टेबलाखालून पाय पुढे काढून दाखवला. घोटा जेमतेम चार बोटे हलत होता आणि चप्पल एका बाजूने झिजली होती. त्यांनी त्या झिजलेल्या चपलेचाही फोटो काढायला सांगितला.

या प्रश्नांमागे कायद्यातला मोठा मुद्दा आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की वैद्यकीय प्रमाणपत्रावरील अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईच्या क्षमतेत झालेली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यात दिलेले उदाहरण असे, की डावा हात गेल्यामुळे साठ टक्के अपंगत्व आलेला माणूस सुतार किंवा चालक असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, आणि तोच माणूस सरकारी कार्यालयात लिपिक असेल तर नोकरी चालू राहू शकते. शिवाय प्रमाणपत्रात लिहिलेला आकडा बहुतेकदा त्या एका अवयवापुरता असतो, संपूर्ण शरीराचा नसतो. तेव्हा विमा कंपनीचा वकील तो आणखी खाली ओढतो. कमाईतील घटीचा आकडा वर न्यायचा तर गिलावा करणाऱ्या मिस्त्रीला घोटा कशासाठी लागतो, हे साक्षीत यावे लागते.

पैशांत याचा अर्थ काय होतो, हे वकीलबाईंनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले. भावाचे वय ३४. सरला वर्मा या २००९ च्या निकालातील तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ या वयोगटासाठी गुणक, म्हणजे वर्षाचे उत्पन्न जितक्या पट धरायचे तो आकडा, १६ आहे. प्रणय सेठी या २०१७ च्या निकालाने स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या चाळिशीच्या आतील माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवता येतात आणि पुढच्या निकालांनी हा लाभ कायमचे अपंगत्व आलेल्या जखमींनाही दिला आहे. महिना १५ हजार उत्पन्न सिद्ध झाले तर वर्षाचे १ लाख ८० हजार, वाढीसह २ लाख ५२ हजार, सोळाने गुणून ४० लाख ३२ हजार. कमाईतील घट ६० टक्के धरली तर २४ लाख १९ हजार २०० रुपये होतात आणि ३५ टक्के धरली तर १४ लाख ११ हजार २०० रुपये. उत्पन्नाचा कागदच नाही म्हणून न्यायाधिकरणाने महिना १० हजारच धरले आणि घटही ३५ टक्केच धरली, तर ९ लाख ४० हजार ८०० रुपये. उपचाराचा खर्च आणि वेदनांची भरपाई यांचा हिशेब याखेरीज. पाय तोच, अपघात तोच; फरक पडतो तो पुराव्याने.

उत्पन्नाचा पुरावा हे आमच्याकडचे खरे दुखणे आहे. रोजाने जाणाऱ्याकडे पगारपत्रक नसते. वकीलबाईंनी ज्या घरमालकांची कामे भावाने केली होती त्यांपैकी साक्षीला येतील अशांची यादी करायला लावली, सिमेंटच्या दुकानातील उधारीची वही, फोनवरून आलेल्या रकमांचे बँकेचे उतारे आणि बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीची प्रत मागितली. शेतकऱ्याच्या बाबतीत सातबारा जोडला की उत्पन्न सिद्ध झाले, असा एक समज आहे. प्रत्यक्षात जमीन कोठे जात नाही, ती मागे राहतेच, म्हणून न्यायालये जमिनीचे सारे उत्पन्न बुडाले असे मानत नाहीत. त्या माणसाची अंगमेहनत आणि देखरेख गेली तिची किंमत करतात. तेव्हा आता सालगडी ठेवावा लागला का, बटईने द्यावी लागली का, हे विचारणारा वकील सातबारा मागून घेऊन गप्प बसणाऱ्या वकिलापेक्षा निश्चितच बरा.

ट्रॅक्टरची भानगड वेगळीच आहे. प्रथम खबर चालकाविरुद्ध नोंदवली गेली होती, पण घटनास्थळाच्या पंचनाम्यात रिफ्लेक्टर नसल्याचा उल्लेखच नव्हता. मागून आदळलेल्या मोटारसायकलस्वारावरच विमा कंपनी निष्काळजीपणाचा वाटा टाकणार, हे उघड होते. त्या रात्री मदतीला धावलेल्या पोराने फोनवर काढलेल्या फोटोंत ट्रॉलीची मागची काळी फळी आणि चाकाखालचे दगड स्पष्ट दिसत होते; ते मूळ फोनसह जपून ठेवण्याची सूचना पहिल्याच भेटीत मिळाली. दुसरा धोका विम्याचा. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी उतरवलेला असतो आणि तो हंगामभर कारखान्याचा ऊस ओढतो, ट्रॉल्यांचा विमा बहुधा नसतोच, परवान्याचाही प्रश्न निघतो. कंपनी हे सगळे मुद्दे घेते. चालकाच्या परवान्यातील दोषासारख्या बाबतीत ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायालये देऊ शकतात, स्वर्णसिंग प्रकरणातील २००४ चा निकाल त्यासाठी दाखवला जातो. परंतु ट्रॉलीत बसून जाणाऱ्या ऊसतोड मजुराला हे संरक्षण तितक्या सहज मिळत नाही. त्याच्यासाठी कामावरील अपघाताच्या भरपाईच्या कायद्याचा मार्ग अधिक सरळ ठरू शकतो आणि दोहोंपैकी एकच मार्ग निवडता येतो. अपघाताच्या दाव्यांचा खरा सराव असलेला वकील ही निवड दावा टाकण्याआधी समजावून सांगतो.

फी ठरवताना आम्ही ठरावीक रक्कम तीन हप्त्यांत आणि टंकलेखन, दाखले, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च वेगळा, असे कागदावर लिहून घेतले. डॉक्टरांच्या साक्षीचा विषय आधीच काढलेला बरा, कारण प्रमाणपत्र दाखल करून भागत नाही. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर साक्षीला आले नाहीत तर त्या कागदाचे वजन निम्म्यावर येते, आणि ओपीडी सोडून न्यायालयात यायला डॉक्टर राजी नसतात. दाव्याचा सीएनआर क्रमांक, म्हणजे न्यायालयाच्या संगणकात प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, मागून घ्यावा. ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झाले ते घरबसल्या दिसते, म्हणजे ‘तारीख पडली’ एवढ्यावर समाधान मानावे लागत नाही. वकील बदलायची वेळ आली आणि जुन्याने फी बाकी आहे म्हणून कागद अडवले, तर तसा अधिकार त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० सालीच सांगितले आहे.

लोकअदालतीची नोटीस आली तेव्हा विमा कंपनीने अवयवापुरते अपंगत्व आणि महिना १० हजार उत्पन्न धरून आकडा सांगितला. घरात दोन तट पडले. लगेच पैसे हातात येतात, यात खोट काही नाही आणि लहान दाव्यात मी स्वतः तडजोडीचाच सल्ला देईन. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, आणि वकीलबाईंनी हे भावाला दोनदा, त्याच्या बायकोला एकदा सांगून निर्णय त्यांच्यावर सोडला. तो नाही म्हणाला. न्यायाधिकरणाचा निकाल विरोधात गेला तर संभाजीनगरच्या खंडपीठात नव्वद दिवसांत अपील करता येते, तसे ते विमा कंपनीलाही करता येते, हेही त्याला माहीत आहे. सध्या त्याची उलटतपासणी पूर्ण झाली आहे, ‘तुम्ही आता बसून गिलावा करू शकता’ या कंपनीच्या वकिलाच्या सूचनेला त्याने ‘भिंत बसून होते, छत होत नाही’ असे उत्तर दिले ते जसेच्या तसे नोंदले गेले आहे, आणि पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीसाठी नेमली आहे.