पिन्योनचा चीक

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सांता फेला येऊन 6 वर्षं झाली, पण पिन्योन वेचायला यंदा पहिल्यांदाच गेले. पिन्योन म्हणजे एका पाइनच्या झाडाची बी, आपल्या चिलगोज्याचा बुटका, गोल भाऊ. झाड न्यू मेक्सिकोचा राज्यवृक्ष, पण भरघोस पीक काही वर्षांतून एकदाच. सप्टेंबरअखेर शंकू उमलायला लागतात. खाली जुनी चादर अंथरली आणि फांद्या गदागदा हलवल्या. चीक असा की बोटाला बोट चिकटलं! साबणाला दाद देईना, शेवटी खोबरेल तेलानेच सुटला.

फिकट बी बहुधा पोकळ निघते. गडद तपकिरी तेवढ्या ठेवल्या. त्याही पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढल्या. मग मिठाच्या पाण्यातून उपसून बिडाच्या तव्यावर, मंद आचेवर. पहिला घाणा फोनच्या नादात करपला. दुसरा मात्र टरफलं तडकायला लागताच उतरवला.

वास सुटला आणि मालवणचं मागचं अंगण आठवलं, आजी काजू भाजायची ते. तो चीक मात्र कातडी जाळायचा, हा नुसता हात काळे करतो.

टरफल दातांनी फोडायचं. तासाभरात जेमतेम अर्धी वाटी गर. नवरा म्हणाला, "चटणी कर ना."

म्हटलं, "सोलून दे."