गोगलगायींची बरणी

१६ जुलै, रात्री ११

आज धाकटीने, माझ्या टाकीतल्या सगळ्यात लहान पफर माशाने, गोगलगाय खाल्ली. नऊ दिवसांनी.

शाळेतून आले ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून टाकीसमोर बसले. सकाळी सोडलेल्या पाचपैकी एक गोगलगाय काच चढत होती. धाकटी शेवाळाच्या झुपक्यातून बाहेर आली आणि जागच्या जागी तरंगत राहिली. तिचा एक डोळा गोगलगायीवर होता आणि दुसरा बहुतेक माझ्यावर. पफरचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात, ते पाहायची मला अजून सवय झालेली नाही. मग एकच झडप. रिकामा शंख वाळूवर पडला आणि तिचं पोट हरभऱ्यासारखं गोल झालं. मला रडूच आलं.

मे महिन्यात चार पी पफर, म्हणजे वाटाण्याएवढे पफर मासे, आणले. दुकानदार म्हणाला होता, "दाणे टाका ताई, सगळं खातात." त्यांनी एकाही दाण्याला तोंड लावलं नाही. बाराव्या दिवशी एक गेला, पोट पाठीला लागलेला. उपाशी मेला तो, माझ्या घरात, मी दोन वेळा दाणे टाकत असताना. हे आधी वाचायला हवं होतं. या माशांना हलतं, जिवंत खाणं लागतं. जबड्यात चार दात जुळून चोच झालेली असते, ती जन्मभर वाढत राहते आणि शंख फोडून झिजते.

मूळचे हे केरळातल्या पंपा नदीच्या बाजूचे. १९४१ मध्ये होरा आणि नायर यांनी या माशाची शास्त्रीय नोंद केली, आणि त्रावणकोर हे तिथल्या जुन्या संस्थानाचं नाव त्याच्या शास्त्रीय नावात कायमचं बसलं. लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. पफरच्या कितीतरी जाती खारट पाण्यातल्या, हा मात्र जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या लाल यादीत तो 'असुरक्षित' आहे. बाजारात येणारे कितीतरी मासे नदीतूनच धरलेले असतात, हे मला खूप उशिरा कळलं. आता उरलेले तिघे तरी नीट जगवायचे.

धाकटीचा उपास मात्र नरामुळे होता. पोटाखाली काळी रेघ असलेला तो, दिसेल तिथे तिला हाकलायचा. रविवारी दोन करवंट्या आडव्या ठेवल्या, झाडं दाट लावली. एकमेकांना सतत दिसणं बंद झालं तशी ती बाहेर यायला लागली.

पाण्याचं मात्र मनात राहतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा मी घागरी मोजून स्वयंपाक केलाय. आणि आता चाळीस लिटरच्या टाकीतलं दहा लिटर दर आठवड्याला बदलते, कारण विष्ठेतून पाण्यात साठणारा अमोनिया यांना अजिबात सोसत नाही. काढलेलं पाणी बादलीने कुंड्यांना जातं. परवा आत्याबाई म्हणाल्या, "माशाच्या पाण्यानं कढीपत्ता लई फुटलाय गं." तेवढ्याने बरं वाटलं.

जेवण झाल्यावर दादाचा फोन आला. "काय करू लालीस?" म्हणाला, आणि लगेच सोयाबीनवर आला. पुन्हा गोगलगायी. २०२२ च्या पावसाळ्यात कोवळी रोपं फस्त झाली होती, दुबार पेरणी करावी लागली होती, ती धास्ती त्याच्या आवाजात होती. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधाकडेने टाकलेत, सकाळी खाली जमलेल्या वेचून मिठाच्या पाण्यात टाकतो म्हणाला. आज दोन बादल्या निघाल्या.

मी बरणीत गोगलगायी पाळते हे त्याला सांगावं की नाही, क्षणभर अडखळले. सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "इथून ने की पोतंभर." नको म्हटलं. त्या जमिनीवरच्या, अंगठ्याहून मोठ्या, आणि शेतात विषाचे दाणेही टाकलेत. "तुझ्या लेकरांला विष नको," तो म्हणाला. माशांना लेकरं त्यानेच म्हटलं, मी नाही.

बरणीत उकडलेल्या पालकाचं एक पान टाकलं. काचेला चिकटलेल्या अंड्यांच्या पारदर्शक चिकट गोळ्यात आज बारीक ठिपके हलताना दिसले. मोठ्या सात उरल्यात. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही.