तडकलेला मणी आणि काचेची वीण

गेल्या नोंदीतल्या मण्याचा निकाल लागला. पारदर्शक मऊ काचेच्या मण्यावर मी बोरोसिलिकेटच्या (बोरॉन मिसळलेल्या, उष्णता सोसणाऱ्या काचेच्या) कांडीचा एक थेंब चढवला होता. सकाळी भट्टी उघडली तेव्हा थेंबाच्या कडेने चंद्रकोरीसारखा तडा गेलेला होता. माझी मऊ काच एका अंशाला लांबीच्या एक कोटी भागांतले सुमारे 104 भाग प्रसरण पावते, तर बोरोसिलिकेट जेमतेम 33. थंड होताना एकीने दुसरीच्या तिप्पट आकसायचे म्हटल्यावर सांधा टिकणे शक्यच नव्हते.

हा फरक येतो कुठून, हे समजून घेणे मला मण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. काचेत प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि हे चौफलक (चार कोपऱ्यांचे घन आकार) कोपऱ्यांनी एकमेकांना जोडून अनियमित जाळे विणतात; विल्यम झकारियासन यांनी 1932 मध्ये मांडलेले हे चित्र आजही उपयोगी पडते. सगळे बंध सारख्या ताकदीचे नसल्यामुळे ते एकदम न सुटता हळूहळू सैलावतात, आणि म्हणूनच काच ठरावीक तापमानाला न वितळता मधासारखी घट्ट वाहते व आपल्याला सळईवर गुंडाळता येते. मऊ काचेतला सोडियम दोन सिलिकॉनना सांधणारे काही ऑक्सिजन मोकळे करतो, त्यामुळे जाळे ढिले पडते, ज्योतीत लवकर वाकते आणि प्रसरणही जास्त पावते. बोरोसिलिकेटमध्ये सोडियम थोडाच असतो आणि बोरॉन स्वतः विणीत सामील होतो. म्हणून ती सुमारे 820 अंशांना मऊ होते.

या आठवड्यात एकाच मऊ कांडीचे दोन मणी केले. एक हवेतच निवू दिला; दुसरा भट्टीत 515 अंशांवर तासभर ठेवून सावकाश उतरवला. लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर ध्रुवीकरण करणारा चष्मा पडदा काळा दिसेपर्यंत फिरवला आणि मणी मधे धरले. हवेत निवलेल्या मण्यात छिद्राभोवती उजळ पट्टे उमटले, म्हणजे ताण आतच अडकला होता. दुसरा जवळजवळ पूर्ण काळा राहिला, कारण त्या तापमानाला अणूंना किंचित सरकून ताण सोडायला सवड मिळाली होती. हे पट्टे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यापासून एकही मणी भट्टीशिवाय निववायचा नाही, असे मी ठरवले आहे.

पुढचा मणी 25 मिलिमीटर जाडीचा आहे. त्याला 515 अंशांवर दोन तास देऊन उतरण निम्म्या वेगाने करणार आहे.