कुलूप एकदाच ओढून पाहा

"कुलूप उघडंच राहिलं असेल" असा नको तो विचार पुन्हापुन्हा छळतो, आणि दाबला की अधिकच उसळतो. म्हणून विचाराला हाकलू नका, त्यामागून येणारी कृती थांबवा. कुलूप पुन्हा तपासावंसं वाटलं की अस्वस्थतेला ० (शांत) ते १०० (असह्य) मध्ये गुण द्या आणि तपासणं १५ मिनिटं पुढे ढकला. सुरुवात ३०-४० गुणांच्या प्रसंगापासून. थेट ९० वर उडी नको. हात कडीकडे वळेल, छाती धडधडेल, धडधडू द्या. दर ५ मिनिटांनी आकडा लिहा.

बहुतेकांचं फसतं ते इथे: हात आवरतात, पण कुलूप लावल्याचं दृश्य मनात पुन्हापुन्हा आठवून पाहतात, किंवा घरच्यांना विचारतात, "लावलं ना गं?" हीसुद्धा तपासणीच! त्याऐवजी "असेलही उघडं" एवढंच म्हणा. आकडा लगेच उतरला नाही, तरी सराव वाया जात नाही. रोजची कामंच अडू लागली तर मात्र मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.