पोलक्याचं ठिगळ

२३ नोव्हेंबर, रात्री साडेदहा

आज बाई येणार नाहीत हे दर वर्षीचं ठरलेलं. तरी सकाळी सवयीनं दोन कप चहा टाकला. एक ओट्यावर निवून गेला.

अकराच्या सुमारास नागपूरच्या झिरो माईलकडे निघालो. निमित्त संत्र्यांचं. गोवारी स्मारकापाशी गर्दी होती. खेड्यांतून आलेल्या बाया, डोक्यावर पदर, हातात झेंडूची फुलं. १९९४ साली याच तारखेला हिवाळी अधिवेशनावर यांचा, गोवारी समाजाचा, मोर्चा आला होता, अनुसूचित जमातीत धरा म्हणून. पोलिसांनी अडवलं, लाठी चालली, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. नंतर बर्डीच्या पुलाला त्यांचं नाव दिलं गेलं. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि आम्ही सगळे त्याला ‘बर्डीचा पूल’च म्हणतो. मीही.

बाईंची थोरली बहीण त्या ११४ मधली. त्यांनी एकदाच सांगितलं, पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता: “तोंड नाही पाह्यलं मी भाऊ. पोलक्याच्या काखेतलं ठिगळ पाह्यलं. मीच लावलं होतं, निळ्यावर हिरवं. घरात दुसरं कापडच नव्हतं.”

माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. लाखेचं सील असलेली पाकिटं यायची: हाडाचा तुकडा, दात, कपडे. आम्ही नोंद करायचो, नमुना घ्यायचो, अहवाल द्यायचो. त्यामुळे निवृत्तीनंतर बोस्नियाबद्दल वाचायला लागलो ते युद्धासाठी नव्हे, हाडांसाठी. जुलै १९९५ मध्ये तिथल्या स्रेब्रेनित्सा गावाकडे बोस्नियातल्या सर्बांच्या सैन्यानं आठ हजारांवर बोस्नियाक मुसलमान पुरुष आणि पोरं मारली. पुढे तपासाची चाहूल लागली तेव्हा मारणाऱ्यांच्याच बाजूनं यंत्रं लावून खड्डे उकरले आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. यंत्राच्या दातांनी माणसं तुटली. एकाच माणसाची हाडं चार-चार ठिकाणी सापडली. डीएनएची सोय होण्याआधी तिथे सापडलेल्या कपड्यांच्या फोटोंचं एक पुस्तक बायांपुढे ठेवत. त्या पानं उलटायच्या आणि आपला टाका शोधायच्या, आपण विणलेला, आपण रफू केलेला. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

नंतर नातेवाइकांचं रक्त घेऊन हाडांशी जुळणी सुरू झाली आणि जवळपास सात हजार जणांची नावं लागली. माझ्या धंद्यातला माणूस याला मोठंच काम म्हणेल, आणि आहेच ते. पण अहवालानंतरचा प्रश्न आमच्या रकान्यात बसत नाही. पोराचं मांडीचं एक हाड मिळालंय. ते पुरायचं, की उरलेलं सापडेपर्यंत थांबायचं? काही आयांनी पुरलं आणि पुढे आणखी हाडं मिळाली तेव्हा कबर पुन्हा उघडली.

दुपारी पुण्याहून मुलाचा फोन आला. कुठे गेला होता म्हणाला. सांगितलं. “किती वर्षं उकरत बसायचं बाबा? झालं गेलं गंगेला मिळालं.” वाईट मनानं नाही म्हणाला. मी त्याला बोस्नियातल्या द्रीना नदीचं सांगितलं. १९९२ मध्ये विशेग्रादला माणसं मारून याच नदीत टाकली होती. २०१० मध्ये धरणाच्या दुरुस्तीसाठी खालच्या पेरुचाच तलावाचं पाणी उतरवलं, तर गाळात हाडं. अठरा वर्षांनी. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग बीपीची गोळी घेतली का विचारलं.

बोस्निया आणि बर्डी एका तराजूत घालायचं नाही, हे मलाही कळतं. तिथे ठरवून केलेला वंशसंहार, इथे चेंगराचेंगरी. पण यादीची गोष्ट मात्र फार जवळची वाटते. १९९५ च्या डेटन करारानं युद्ध थांबलं, आणि त्याच करारातल्या राज्यघटनेनं ठरवलं की राष्ट्राध्यक्षपद बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांनाच. बाकीचे सगळे ‘इतर’. एक रोमा आणि एक ज्यू गृहस्थ युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेले आणि २००९ मध्ये जिंकले. ती अट अजून तशीच आहे. आणि इकडे गोवाऱ्यांचा सगळा झगडा ‘गोंड गोवारी’ या दोन शब्दांशी. अनुसूचित जमातींच्या यादीत ते शब्द आहेत, पण त्यात आम्ही येतो का? उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हो म्हटलं, सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये तो निकाल फिरवला. दिवाळीत ढाल नाचवणाऱ्या गोवाऱ्याला आपण कोण हे कागदावरून सिद्ध करावं लागतं.

संध्याकाळी सातला बाई आल्या, कालचा विसरलेला डबा न्यायला. आवाज बसला होता. बसा म्हटलं, चहा केला. मीच विषय काढला, तिकडच्या सर्बांच्या सेनापतीला, म्लादिचला, जन्मठेप झाली म्हणून सांगितलं.

“मंग त्यानं कबूल केलं का भाऊ?”

“नाही.”

“मंग काय त्याचं!”

कबूल करणाराही एक होता, एर्देमोविच नावाचा. सर्बांच्या सैन्यातला क्रोएट पोरगा. एका शेतावर दिवसभर गोळ्या घातल्या, माझ्या हातून सत्तरेक माणसं मेली असतील, असं स्वतःहून सांगितलं. नाही म्हटलं असतं तर मलाच मारलं असतं, असंही म्हणाला. आधी दहा वर्षं झाली होती, शेवटी पाच. त्याची साक्ष पुढे मोठमोठ्यांच्या खटल्यांत उपयोगी पडली. बाईंना वाटलं, बरं केलं पोट्ट्यानं. मला पाच वर्षांचा हिशेब अजून पचलेला नाही. आणि तिकडच्या सर्बांच्या एक पुढारी होत्या, प्लावशिच, त्यांचं तर सांगितलंच नाही. त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला, अकरा वर्षांची शिक्षा घेतली आणि नंतर पश्चात्ताप मागे घेतला. कबुलीवर आमच्या बाईंचा एवढा भरवसा, तो मी कशाला मोडू.

जाताना पाच संत्री दिली. उद्या उशीर होईल म्हणाल्या, पाय सुजलेत. दार लावल्यावर आठवलं, आमच्याकडे आलेले कपडे अहवालासोबत परत सील करून जायचे, पुढे मुद्देमालात कुठे पडून राहायचे ते मी कधी पाहिलं नाही. बहिणीचं ते पोलकं त्यांना परत मिळालं का, हे इतक्या वर्षांत मी विचारलेलं नाही. आजही नाही विचारलं.